राणी तीच, डबे वेगळे

प्रस्तावना

पोखर्णीच्या आमच्या घरी एक बैलगाडी होती. आजोबांनी ती केली तेव्हा वडील रांगत होते, आणि ती मोडीत निघाली तेव्हा मी कॉलेजात होतो. मधल्या काळात तिचे काय काय बदलले याचा हिशेब आजोबा बोटांवर देत. लोखंडी धाव तीनदा बसवली. आरे तर दोन-तीन वर्षांआड एखाददुसरा निघायचाच. बहात्तरच्या दुष्काळात लाकूड इतके वाळले की एक तुंबाच फुटला. आख बदलला, जू बदलले, साटी दोनदा नवी झाली. बैल किती आले आणि गेले ते सोडूनच द्या. तरी गावात कुणी विचारले, ही गाडी कधीची, तर आजोबांचे उत्तर ठरलेले : "माझ्या लग्नानंतरची." सुताराला हे पटत नसे. तो म्हणायचा, "मालक, तुमची गाडी कवाच गेली. ही समदी माझी गाडी हाय."

हे पुस्तक त्या वादाबद्दल आहे. फक्त इथली गाडी बैलांची नाही. मुंबई-पुण्याच्या डेक्कन क्वीनला १ जून १९३० पासून आजवर कोणते डबे लागले, कोणत्या इंजिनांनी ती ओढली, ते डबे आणि ती इंजिने किती वर्षे कामावर राहिली आणि का काढली गेली, एवढाच त्याचा विषय आहे. या गाडीवर मराठीत लिहिणाऱ्यांची कमतरता नाही. पासधारकांच्या पिढ्या, डायनिंग कारमधले चीज टोस्ट आणि ऑम्लेट, पावसाळ्यातला खंडाळा, सगळे होऊन गेले आहे आणि त्यातले काही फार छान झाले आहे. त्यात आणखी एका आठवणीची भर घालावी असे मला वाटले नाही. आजोबांची बाजू पुष्कळांनी मांडली. मला सुताराची मांडायची होती.

पोखर्णीच्या माणसाला डेक्कन क्वीनचे काय पडले, हे कुणीही विचारावे. परभणीहून परळीच्या गाडीत बसले की गंगाखेडच्या अलीकडे आमचे स्टेशन लागते. रेल्वेनेही गावाच्या नावाला नृसिंहाचे नाव जोडले आहे, कारण इथे उतरणाऱ्यांत देवाला येणारे फार. वैशाखात नृसिंह जयंतीला गर्दी होते, तेवढा दिवस स्टेशन मोठे वाटते. माझ्या लहानपणी मनमाड-सिकंदराबाद मार्ग मीटरगेजचा होता, पूर्णेला इंजिनांची मोठी शेड होती, आणि रेल्वे म्हटले की धूर हे आमच्या डोळ्यांनी शिकलेले समीकरण होते. खिडकीशी बसणाऱ्याच्या डोळ्यात कोळशाचा कण जायचाच, आणि मग माय पदराचे टोक ओले करून तो काढायची. मुंबई-पुण्याकडे जायचे तर मनमाडला उतरून, ट्रंक डोक्यावर घेऊन, ब्रॉडगेजच्या गाडीत चढावे लागे. बारक्या गाडीतून थोरल्या गाडीत.

पुण्याला शिकायला आलो ते १९८४च्या जूनमध्ये. नातेवाइकांना सोडायला म्हणून सकाळी स्टेशनवर गेलो असताना डेक्कन क्वीन पहिल्यांदा पाहिली. धूर नाही, शेगडी नाही, कोळसा लोटणारा घामाघूम माणूस नाही. डोक्यावरच्या तारेला टेकलेला एक सांगाडा आणि खाली नुसते गुणगुणणे. मला ते यंत्रापेक्षा देवघरातल्या समईसारखे वाटले होते. शेजारी उभ्या एका वयस्कर गृहस्थांनी अभिमानाने सांगितले, "बाळ, ही एकोणीसशे तीसची गाडी." मी डब्यात डोकावलो. दाराजवळ धातूची छोटी पट्टी होती, तिच्यावर पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचे नाव. पेरांबूरचा कारखाना सुरू झाला तोच २ ऑक्टोबर १९५५ला, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. पण पट्टीवरचे साल १९३० नव्हते एवढे दिसले. गृहस्थ खोटे बोलत नव्हते, पट्टीही खोटे बोलत नव्हती. आमच्या सुताराची मला तिथेच आठवण झाली.

पुढे नोकरी लागली, डेक्कन क्वीनने जाणे-येणे झाले, आणि जुन्या वेळापत्रकांचा, रेल्वेच्या अहवालांचा नाद लागला. तरीही हे पुस्तक झाले नसते. ते झाले एका जपानी गाडीमुळे, म्हणून तिच्याबद्दल थोडे विस्ताराने सांगतो.

१ नोव्हेंबर १९५८ला तोक्यो आणि ओसाका-कोबे यांच्यामध्ये 'कोदामा' नावाची गाडी सुरू झाली. कोदामा म्हणजे प्रतिध्वनी. सकाळी निघून काम उरकून त्याच दिवशी परत येता येईल, हाक मारावी आणि ती परत यावी तसे, म्हणून हे नाव. तोक्यो ते ओसाका अंतर साडेपाचशे किलोमीटरच्या वर, वेळ ६ तास ५० मिनिटे. मोजकेच थांबे, जादा भाडे, वातानुकूलित डबे. अशा गाड्यांना तिकडे 'तोक्क्यू' म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर मर्यादित थांब्यांची खास एक्स्प्रेस. नवल वेगळेच होते. या गाडीला इंजिनच नव्हते. डब्यांच्या पोटाखाली मोटारी. म्हणजे आपली लोकल ज्या जातीची, त्याच जातीची ही एक्स्प्रेस. तारेतला प्रवाहही मुंबईचाच : १५०० व्होल्ट डीसी, जो आपल्याकडे ३ फेब्रुवारी १९२५ला व्हीटी ते कुर्ला या पहिल्या विजेच्या गाडीला मिळाला. लोकलच्या हाडापेराची गाडी श्रीमंतांची एक्स्प्रेस होऊ शकते हे जपान्यांनी दाखवले. ३१ जुलै १९५९ला याच जातीच्या एका गाडीने चाचणीत ताशी १६३ किलोमीटरचा वेग गाठला, आणि पाच वर्षांनी आलेल्या शिंकान्सेनची बारीक चाहूल त्यात होती.

या डब्यांच्या जातीला १५१ असा क्रमांक होता. १ ऑक्टोबर १९६४ला शिंकान्सेन धावू लागली तेव्हा कोदामा हे नाव उचलून नव्या गाडीला दिले गेले. नाव वर चढले. मग १५१ जातीच्या डब्यांचे काय झाले? ते पश्चिमेकडच्या सान्यो मार्गावर गेले. तिकडे हिरोशिमाजवळ सेनो आणि हाचिहोनमात्सु या दोन स्टेशनांमध्ये कडक चढ आहे. सपाटीवर हुंदडणाऱ्या या राजबिंड्या गाडीला तो चढ जड गेला, मागून इंजिन लावून ढकलावे लागले. घाटाने कुणाचा माज ठेवला आहे? मग १९६५च्या सुमारास जास्त ताकदीच्या मोटारी बसवल्या आणि जातीचा क्रमांक बदलून १८१ झाला. पुढे 'तोकि' नावाच्या गाडीला, तोक्योहून निइगाताकडे, हे डबे लागत. तिकडेही १५ नोव्हेंबर १९८२ला शिंकान्सेन पोचली आणि १८१ निवृत्त झाली. एकूण २४ वर्षे. तिचा एक अग्रभाग, नाकाडा आणि देखणा, साइतामाच्या रेल्वे संग्रहालयात आहे.

मला हेवा वाटला तो वेगाचा नाही. हेवा वाटला तो या हिशेबाचा. जपानी रेल्वेप्रेमी नावाची आणि लोखंडाची वही वेगवेगळी ठेवतात. एखादी जात कधी जन्मली, कोणत्या मार्गावर गेली, कुठे तिच्यात बदल झाले, शेवटचा दिवस कोणता, हे सामान्य हौशी माणसालाही पाठ असते. १५१ नंतर आलेली, डीसी आणि एसी दोन्ही तारांखाली चालणारी ४८५ ही जात १९६४पासून जवळजवळ दीड हजार डब्यांनी वाढली आणि अर्धशतकाहून अधिक काळ कुठे ना कुठे धावत राहिली. तिच्या एकेका डब्याचे बारसे आणि बारावे नोंदलेले सापडते. आपण १ जूनला पुणे स्टेशनवर डेक्कन क्वीनचा केक कापतो, फुगे लावतो, बँड वाजवतो. चांगले करतो. मात्र ज्या डब्यांनी ३६ वर्षे लोकांना नेले-आणले ते कधी शेवटचे निघाले, हे त्या गर्दीत एकाला तरी विचारून पाहा.

तेव्हा डेक्कन क्वीनच्या डब्यांची वही. ती तीन-चार मोठ्या पानांची आहे.

पहिले पान १९३०चे. बोरघाटातून लोहमार्ग १८६३ पासून होता, पण खंडाळ्याजवळ गाडी उलटी फिरवावी लागे. नवी आखणी होऊन ती कटकट गेली. कल्याण ते पुणे विद्युतीकरण १९२९-३०च्या सुमारास पुरे झाले. वीज, नवी आखणी आणि पुण्याचा रेसकोर्स या तिघांनी मिळून डेक्कन क्वीन जन्माला घातली. शर्यतींच्या शौकिनांसाठी ती सुरू झाली, आठवडाअखेरीची गाडी म्हणून. रोजची ती नंतर झाली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने तिच्यासाठी सात-सात डब्यांचे दोन रेक केले. एक रुपेरी, त्यावर लाल पट्ट्या. दुसरा गडद निळा, त्यावर सोनेरी रेघा. डब्यांखालचे सांगाडे इंग्लंडात घडले. वरचे अंग माटुंग्याच्या कारखान्यात. माटुंग्याची ही कार्यशाळा १९१५ची. पहिल्या डेक्कन क्वीनचे पाय विलायती होते आणि धड माटुंग्याचे, ही गोष्ट मी प्रत्येक भेटणाऱ्याला सांगतो आणि बहुतेकांना ती ऐकून बरे वाटते.

पहिल्या रेकवरचे प्रकरण या पुस्तकात सर्वांत लांब आहे, आणि त्याबद्दल मी क्षमा मागणार नाही. कारण त्या डब्यांत देशाचा इतिहास आसने बदलत गेला. सुरुवातीला गाडीत फक्त पहिला आणि दुसरा वर्ग होता. म्हणजे ज्यांच्या शेतात गाडी करायची ऐपत होती त्यांच्यातल्याही फार थोड्यांना तिच्यात पाय ठेवता आला असता. १ जानेवारी १९४९ला पहिला वर्ग रद्द झाला आणि दुसऱ्या वर्गाला पहिला म्हणू लागले. समाजवाद असाही येतो. तिसरा वर्ग या गाडीला लागला तो जून १९५५मध्ये, म्हणजे गाडी २५ वर्षांची झाल्यावर. एप्रिल १९७४मध्ये तिसऱ्या वर्गाला दुसरा म्हणायचे ठरले. वर्गांची ही चढउतार कागदावर एका ओळीची, पण डब्यांच्या आतल्या रचनेत तिच्या खुणा उमटतातच : तेवढ्याच डब्यात अधिक माणसे बसवायची तर आसने वेगळी लागतात, रस्ता वेगळा लागतो.

दुसरे पान १९६६चे. ३६ वर्षे वापरलेले ते रेक बदलून पेरांबूरचे पोलादी डबे आले आणि सातांचे बारा झाले. या डब्यांना 'इंटिग्रल' म्हणतात. जुन्या पद्धतीत खाली मजबूत सांगाडा आणि वर पेटी. टक्कर झाली की एका डब्याचा सांगाडा दुसऱ्याच्या पेटीत आगकाडीच्या डबीसारखा घुसायचा. नव्या डब्यात भिंती, छत, तळ सगळे मिळून एकच पोलादी कवच होते आणि टोकांची बांधणी अशी की डबे एकमेकांत घुसू नयेत. बोगीही सुधारलेली. स्वित्झर्लंडच्या कंपनीच्या सहकार्याने उभा राहिलेला हा आराखडा पुढे जवळजवळ साऱ्या देशाचा झाला; आपण सगळे ज्याला 'रेल्वेचा डबा' म्हणतो तो हाच. १९८४ला मी ज्याची पट्टी वाचली तोही याच घराण्यातला.

तिसरे पान १९९५चे, आणि वरवर पाहता कंटाळवाणे. रेल्वे सप्ताहात गाडीला नवे, एअर ब्रेकचे डबे मिळाले. वातानुकूलित चेअर कार वाढल्या, जुनी पहिल्या वर्गाची चेअर कार गेली. आतल्या माणसाला दिसले ते थंड डबे. पण त्या वर्षीची खरी बातमी ब्रेकची होती. पूर्वीचे ब्रेक निर्वाताचे : नळीतली हवा ओढून धरायची, सोडली की ब्रेक लागतो. लांब गाडीत शेवटच्या डब्यापर्यंत ही खबर पोचायला वेळ लागे. दाबलेल्या हवेचा ब्रेक लवकर पोचतो आणि जोरात लागतो. ३७ फुटांना एक फूट उतरणाऱ्या बोरघाटात ही गोष्ट काय असते, ते मंकी हिल आणि ठाकूरवाडीच्या बाजूच्या रुळांकडे पाहिले की कळते. आवरेनाशी झालेली गाडी चढावर नेऊन थांबवण्यासाठी तिथे वेगळे फाटे काढलेले आहेत.

चौथे पान २२ जून २०२२चे. त्या दिवसापासून डेक्कन क्वीन एलएचबी डब्यांनी धावते. मूळ आराखडा जर्मन, अंग स्टेनलेस स्टीलचे, डिस्क ब्रेक, डबा आधीच्यापेक्षा जवळजवळ दोन मीटर लांब, आणि जोडणी मधल्या एकाच कपलरने. पांढऱ्या-निळ्या रंगाऐवजी हिरवा-लाल आला आणि पुण्यात बरीच कुरकुर झाली. माझे मत विचाराल तर निळाच बरा होता. पण १९३०मध्ये रुपेरी बदलून निळा केला असता तरी कुरकुर झालीच असती. महत्त्वाचे हे की डायनिंग कार टिकली. नव्या डब्यांत तिच्यासाठी खास डबा बांधला, ३२च्या जागी ४० माणसे बसतात अशी टेबले मांडली. आदल्या वर्षी, १५ ऑगस्ट २०२१ला, काचेच्या छताचा व्हिस्टाडोम डबाही लागला होता. सुतार असता तर म्हणाला असता, साटीला काच बसवली की काय.

१९३०, १९६६, १९९५, २०२२. मधली अंतरे ३६, २९, २७ वर्षे. या अंतरांमागे रेल्वेचा एक नियम आहे, त्याला रेल्वेवाले 'कोडल लाइफ' म्हणतात. पेरांबूरच्या साध्या डब्याला २५ वर्षे, विजेच्या इंजिनाला ३५. तेवढ्या वयाला तो आपोआप मरतो असे नाही. तेवढे वय झाले की त्याला ठेवायचे का, याचा जाब कुणीतरी द्यायचा असतो. आणि त्या वयापर्यंत पोचण्यासाठीही डबा ठरावीक काळाने कारखान्यात न्यावा लागतो, त्याला पीओएच म्हणतात. सगळे उचकटून पाहतात : चाके, स्प्रिंगा, गंजलेला तळ, सडलेली फळी. म्हणून १९६६ ते १९९५ हे २९ वर्षांचे पान एकाच १२ डब्यांचे आहे असे वाचकाने समजू नये. मधे डबे निघाले, दुसरे आले, कुठलेतरी दुसऱ्या गाडीला गेले. आमच्या गाडीचे आरे जसे. रेक हा शब्दच फसवा आहे.

इंजिनांची वही याहून गुंतागुंतीची आहे, कारण इंजिन एका गाडीचे नसते. सुरुवातीची डेक्कन क्वीन ओढणारी इंजिने ईए/१ जातीची, पुढे त्यांना डब्ल्यूसीपी-१ म्हटले गेले. विजेचा भाग इंग्लंडच्या मेट्रोपोलिटन-व्हिकर्सचा, यांत्रिक भाग स्वित्झर्लंडच्या विंटरथूरचा. त्यांतले 'सर रॉजर लम्ले' नावाचे ४००६ क्रमांकाचे इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. त्यांचेच मालगाडीचे भाऊबंद ईएफ/१. मधे मोठा डबा आणि दोन्ही बाजूंना लांब सोंडा, म्हणून जग त्यांना मगर म्हणते. मुंबईच्या रेल्वेवाल्यांनी मात्र नाव ठेवले खेकडा. आणि खरोखर, चालताना त्यांच्या चाकांमधले दांडे असे काही खालीवर व्हायचे की मगरीपेक्षा खेकडाच बरोबर. १९५४-५५ला इंग्लिश इलेक्ट्रिकची डब्ल्यूसीएम-१ आली. १९६०च्या सुमारास हिताचीची काही इंजिने डब्ल्यूसीएम-४ म्हणून मध्य रेल्वेत दाखल झाली, म्हणजे कोदामाच्या देशाचे लोखंड आपल्याही तारेखाली धावून गेले. १४ ऑक्टोबर १९६१ला पंडित नेहरूंच्या हस्ते चित्तरंजनच्या कारखान्याचे पहिले विजेचे इंजिन सेवेत आले, त्याचे नाव 'लोकमान्य'. पुण्याच्या मार्गावरच्या इंजिनाला याहून शोभेसे नाव कोणते असणार?

शेवटची मोठी खळबळ तारेत झाली. १५०० व्होल्ट डीसी ही मुंबईची मक्तेदारी होऊन बसली होती. बाकी देशाने २५ हजार व्होल्ट एसी घेतले. नव्वदच्या दशकात मध्य रेल्वेत दोन्ही प्रवाहांवर चालणारी डब्ल्यूसीएएम इंजिने आली आणि त्यांनी डेक्कन क्वीन वर्षानुवर्षे ओढली. दोन बोली बोलणारी इंजिने. जपानची ४८५ जे करत होती तेच काम, वेगळ्या प्रकाराने. जून २०१५मध्ये मुंबईच्या मुख्य मार्गावरचा उरलेला डीसी गेला, एप्रिल २०१६मध्ये हार्बरचाही, आणि दोन बोली येणाऱ्यांची गरज संपली. वय शिल्लक असताना काम संपणे, हे माणसांच्या बाबतीत आपण पाहतो तसेच. त्या इंजिनांवर या पुस्तकात एक छोटे प्रकरण आहे. ते लिहिताना मी थोडा हळवा झालो आहे, हे वाचकाच्या लक्षात येईलच.

काय घातले नाही, तेही सांगावे. अपघातांची जंत्री घातली नाही. वेळापत्रकाचे तक्ते जेवढे लागले तेवढेच आहेत. सकाळी सव्वासातला पुण्याहून आणि संध्याकाळी ५ वाजून १० मिनिटांनी मुंबईहून, हे तर महाराष्ट्राला जेवणाच्या वेळेइतके पाठ आहे. मोठ्या माणसांच्या प्रवासाचे किस्से टाळले, कारण त्यांतल्या बहुतेकांचे दोन-दोन, तीन-तीन पाठ ऐकायला मिळतात आणि तिन्हींत माणूस वेगळा असतो. उलट घाटातल्या बँकर इंजिनांवर मी अपेक्षेपेक्षा जास्त पाने खर्च केली. संध्याकाळी पुण्याकडे जाताना कर्जतला गाडी थांबते, मागे इंजिने लागतात, आणि आतल्या माणसाला एक हलका धक्का बसतो. त्या धक्क्याने चहा सांडलेला मी अनेकदा पाहिला आहे. त्या धक्क्याबद्दल कुतूहल वाटलेला माणूस क्वचित.

माझ्या या उद्योगाला मदत केली ती कारखान्यांतून आणि शेडमधून निवृत्त झालेल्या लोकांनी. कुणी बोगीखाली ३० वर्षे काढली, कुणी ब्रेकच्या नळ्या तपासल्या, कुणी गाडीला इंजिन जोडले. बहुतेकांनी सांगितले, नाव छापू नका. म्हणून छापले नाही. त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट सतत यायची : डब्याला ते 'तो' म्हणत नसत, 'ती' म्हणत. "तिला खाली घेतली," "तिचा तळ गेला होता," "तिला बाहेर काढली." मला वाटते डेक्कन क्वीनला राणी म्हणणारा पहिला माणूस प्रवासी नसावा.

पुस्तक पुरे होत असताना विषय माझ्याच दारात आला. मनमाडच्या पुढे परभणीकडे मीटरगेज कधीच गेले, ब्रॉडगेज झाले, तरी विजेच्या तारा आमच्याकडे यायला एकविसाव्या शतकाची दोन दशके सरावी लागली. आता त्या आहेत. परळीच्या मार्गावरही आहेत. ३० डिसेंबर २०२३ला जालन्याहून मुंबईला वंदे भारत सुरू झाली आणि पुढे ती नांदेडपर्यंत वाढवली गेली, म्हणजे परभणीवरूनच जाऊ लागली. वंदे भारत कोणत्या जातीची? वेगळे इंजिन नाही, मोटारी डब्यांखाली, मोजके थांबे, जादा भाडे. कोदामाची, लोकलची जात. मुंबई-सोलापूरची वंदे भारत फेब्रुवारी २०२३ पासून बोरघाट चढते ती मागून बँकर न लावता, कारण ताकद आख्ख्या गाडीत वाटलेली आहे. पोखर्णीला ती थांबत नाही, थांबणारही नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही, आजोबांची बैलगाडीही प्रत्येकाच्या दारात थांबत नसे. मला एवढेच वाटते की या नव्या गाडीची वही पहिल्या दिवसापासून कुणीतरी ठेवावी. पहिल्या डेक्कन क्वीनच्या डब्यांची नोंद लावायला मला जुने अहवाल चाळत वर्षे गेली. हे काम पुढच्या माणसाला करावे लागू नये.

त्यासाठी शास्त्रज्ञ लागत नाही. पुढच्या वेळी कोणत्याही गाडीत चढाल तेव्हा डब्याच्या अंगावर रंगवलेला क्रमांक वाचा. त्यातले पहिले दोन अंक तो डबा कोणत्या साली बांधला ते सांगतात. डब्याच्या टोकाच्या भिंतीवर तो कारखान्यातून कधी निघाला आणि पुन्हा कधी जायचा आहे, त्याच्या तारखा लिहिलेल्या असतात. एका वहीत उतरवून घ्या, गाडीचे नाव आणि तारीख शेजारी लिहा. डेक्कन क्वीनच्या जुन्या डब्यांचे असे आकडे, एखादा फोटो, एखाद्या घरात पडलेली धातूची पट्टी कुणाकडे असेल तर प्रकाशकाच्या पत्त्यावर कळवावे. दुसऱ्या आवृत्तीत त्यांची भर घालीन, आणि चुका असतील तर दुरुस्त करीन.